आठवं पपनस

चिंचेचं सार उतू गेलं की शेगडीच्या निळ्या ज्योतीत एक पिवळी जीभ उठते. तो पिवळा लिंबाचा नसतो, हळदीचाही नसतो. जरासा भगव्याकडे झुकलेला, पण ठाम असतो, आणि पापणी लवायच्या आत विझतो. शहाणी बाई अशा वेळी झाकण काढते. वुर्यानी वाकून ज्योतीकडे बघत राहिली. सारात मीठ, मिठात सोडियम. ज्योतीच्या उष्णतेनं त्याचा सगळ्यात बाहेरचा, एकुलता एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो. तिथे त्याला करमत नाही, तो परत खाली येतो, आणि येताना तेवढा पिवळा उजेड टाकून देतो. हे ती जावा बेटावरच्या क्लातेन गावच्या शाळेत केस काळे होते तेव्हापासून शिकवत होती. पण अलीकडे त्या इलेक्ट्रॉनचा तिला राग येऊ लागला होता. एवढा वर गेला होतास, मग परत कशाला आलास?

निम्मं सार शेगडीवर सांडून झालं तेव्हा फोन वाजला.

"बू वुर्यानी, हो की नाही?"

बू युलियाना, म्हणजे युलियानाबाई, कुपांगच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, पार तिमोर बेटावरून बोलत होत्या. तिकडच्या माणसांना एक खोड आहे. प्रश्न विचारला की ती उत्तराची वाट बघत थांबतात. क्लातेनमध्ये प्रश्न विचारणारा आधी दोन घरांची खुशाली विचारतो, मग प्रश्न विचारतो, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच विषय बदलतो, म्हणजे समोरच्याला अवघडायला नको.

"बघते," वुर्यानी म्हणाली. "जरा घरी विचारते."

"घरी कोण असतं तुमच्या?"

घरी कोणीच नसायचं. वुर्यानीनं शेगडी बंद केली.

"हे बघा बाई, प्रयोगशाळा बांधून तयार आहे. ओटे आहेत, बर्नर आहेत, कपाटभर क्षार आहेत. पेटवणारं माणूस नाही. सतरा ऑगस्टपर्यंत थांबते. नंतर मकासरच्या एका गृहस्थांना हो म्हणते. ते रोज फोन करतात."

वुर्यानीच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्या असत. बर्नरच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. मुलांनी सोडियमची ज्योत पाहिली होती ती फळ्यावर, पिवळ्या खडूनं. तेव्हा जावंसं तर वाटत होतं. इतकं, की ती आठवड्यातून एक-दोनदा पेठेतून येताना विनाकारण स्टेशनावरून यायची आणि गाड्यांचा फलक वाचून घरी जायची. बॅग भरायची आणि रिकामी करायची. भरलेली असली की भीती वाटायची, रिकामी असली की तळमळ.

अडचण होती गल्लीची. गल्लीच्या भिशीची चिठ्ठी वुर्यानी काढायची. तान्ह्या मुलांची वजनं ती करायची, कारण तराजू तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे. कोणी बाई गेली की आंघोळ घालायला तीच. अशा गल्लीला "मी चालले" असं सांगायचं म्हणजे छताखालच्या एका खांबानं उठून "येतो हं" म्हणण्यासारखं.

तरी ती सांगायला गेली. गल्लीप्रमुख पाक सुरोनोंच्या, म्हणजे सुरोनोरावांच्या, ओसरीवर बैठक होती. चहा, केळ्याची भजी, चटयांवर मंडळी. वाक्य तयार होतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला, म्हणून ती फाटकापर्यंत गेली, बू युलियानांना "आज सांगतेच आहे" एवढंच बोलली आणि परतली, तर ओसरीवर टाळ्या चालू होत्या.

"अभिनंदन, बू गुरू!" पाक सुरोनो म्हणाले. "यंदाची स्वातंत्र्यदिनाची, सतरा ऑगस्टची मिरवणूक तुमच्याकडे."

पद भरायच्या क्षणी जो बाहेर असतो त्याला ते मिळतं, आणि मिळाल्यावर जो गप्प राहतो त्यानं ते स्वीकारलं, हे दोन नियम त्या गल्लीत कोणी केलेले नाहीत, पण मोडलेलेही नाहीत. वुर्यानी तोंड उघडून उभी राहिली. तोंड उघडं असणं म्हणजे बोलणं नव्हे.

"मला खरं तर एक सांगायचं होतं..."

"सांगा की! पण आधी भजी घ्या," पाक सुरोनोंची बायको, बू रात्मी, ताटली पुढे करत म्हणाली. "तोंड किती उतरलंय तुमचं!"

भजी गरम होती. वाक्य त्यांच्याबरोबर पोटात गेलं.

यंदा तालुक्यानं विषय दिला होता 'विज्ञान आणि एकोपा'. वुर्यानीनं विचार केला की काम छोटं ठेवावं, पटकन उरकावं आणि मग निवांत सांगावं. मिठाचा एक कण! एक माणूस सोडियम, एक माणूस क्लोरीन. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, तो त्याला नकोसा. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात, त्याला आठ हवेत. सोडियम देतो, क्लोरीन घेतो, दोघं एकमेकांकडे ओढले जातात, मीठ तयार. दोन माणसं, एक देणंघेणं. एवढ्यात काय बिघडेल, असं तिला वाटलं. वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवून माणसाचा माणसांवर असा भाबडा विश्वास बसतो.

सोडियम म्हणून बू रात्मीची निवड झाली, म्हणजे तिनं ती केली. क्लोरीन म्हणून समोरच्या घरातले पाक मुर्सिद. पोस्टातून निवृत्त, विधुर, उंच, आणि इतके सभ्य की डास मारण्याआधी घसा खाकरायचे. इलेक्ट्रॉनसाठी आधी फुगे आणले, ते उन्हात फुटले. मग प्लॅस्टिकचे चेंडू शोधले; दुकानात होते तेवढे लाल-पांढरे, आणि ते बाकीच्या गल्ल्यांनी नेले होते. शेवटी बू रात्मी म्हणाली, "आमच्या झाडाला पपनसं लगडलीत. गोल आहेत, पिवळी आहेत, आणखी काय पाहिजे त्या तुमच्या इलेक्ट्रॉनला?"

खऱ्या इलेक्ट्रॉनला वजन जवळजवळ नसतं, हे वुर्यानीनं सांगितलं नाही. पाक मुर्सिदांच्या कमरेभोवती बांबूचं कडं बांधलं आणि त्याला सात पपनसं लटकवली. ते हळूहळू वाकत गेले, पण तक्रार केली नाही.

"आणि माझं एकच?" बू रात्मी म्हणाली.

"सोडियमला एकूण अकरा असतात, पण आतले दहा दाखवायचे नाहीत."

"का? लोक म्हणतील, रात्मीनं दहा विकून खाल्ली."

"ते देवाणघेवाणीत पडत नाहीत. घरीच असतात."

"आमच्या ह्यांच्यासारखे," बू रात्मी म्हणाली. पाक सुरोनोंनी छताकडे बघितलं.

परवानगीसाठी वुर्यानी वॉर्डाच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनानं विचारलं, "मिरवणुकीत काय आणणार?"

"मीठ."

"किती किलो?"

"एकच कण."

"मग दिसणार कसं?"

"मोठा करून दाखवणार. एक सोडियम, एक क्लोरीन."

त्यानं चष्मा काढला. "क्लोरीन विषारी असतो ना?"

"एकटा असला की असतो. सोडियम भेटला की निवळतो."

"आणि सोडियम कसा असतो?"

"पाण्यात पडला तर पेट घेतो."

सत्य हप्त्याहप्त्यानं द्यायला हवं होतं, हे तिला उशिरा कळलं. कारकून तोवर अग्निशमन दल, पोलीस आणि दवाखाना अशा तीन परवानग्यांची नावं काढून बसला होता.

"अहो, सोडियम म्हणजे सुरोनोंची बायको!"

"त्या पाण्यात पेट घेतात?"

वुर्यानीनं डोळे मिटले. मग शांतपणे सांगितलं की माणसं साधी आहेत, कपडे सुती आहेत आणि हातात फक्त पपनसं आहेत.

"मग तसं बोला की, बाई! फळं म्हणून लिहितो. फळांना परवानगी लागत नाही." आणि अणुरेणूंच्या त्या बंधाची सरकारदरबारी नोंद शेतकीत झाली.

तालमी पाक सुरोनोंच्या अंगणात सुरू झाल्या. पहिल्या दिवशी बू रात्मीनं उजव्या हातावर पपनस घेतलं, डावा हात कोपराला लावला, जरा वाकली आणि म्हणाली, "घ्या."

"अहो, कशाला! राहू द्या तुम्हालाच," पाक मुर्सिद म्हणाले.

"घ्या हो."

"नको, नको. आत्ताच सात झालीत."

"एवढं एक तर घ्या."

"बरं, तुम्ही एवढा आग्रह करता म्हणून," असं म्हणून त्यांनी ते घेतलं, कड्याला लटकवलं, आणि वुर्यानी टाळी वाजवणार एवढ्यात दुसरं एक काढून बू रात्मीच्या हातात ठेवलं.

"हे काय केलंत?" वुर्यानी ओरडली.

"त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं?" पाक मुर्सिदांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा धक्का होता.

वुर्यानीनं समजावलं. निसर्गात असं होत नाही. क्लोरीन आढेवेढे घेत नाही. आठवा दिसला की तो घेतो, आणि घेतलेला परत करत नाही.

"मग त्याला वळण कोणी लावलं नाही?" पाक मुर्सिदांनी विचारलं.

दुसरी अडचण पुढची होती. इलेक्ट्रॉन दिल्यावर दोघांनी एकमेकांकडे ओढलं जाऊन चिकटून उभं राहायचं. परक्या बाईला चिकटून! पाक मुर्सिद हातभर अंतरावर थांबले. ते अंतर बघून पाक सुरोनो स्वतः उठले आणि मधे जाऊन उभे राहिले, म्हणजे कोणी काही बोलायला नको. सोडियम, सोडियमचा नवरा आणि क्लोरीन असं ते मीठ जगात कुठल्याही समुद्रात सापडणार नाही.

रोज तालीम संपली की वुर्यानी म्हणायची, "मला एक सांगायचं होतं." आणि रोज कोणीतरी तिचा हात हातात घेऊन म्हणायचं, "सावकाश सांगा, घाई नाही." पहिल्यांदा गल्लीनं ठरवलं की तिला काहीतरी आजार आहे, बू रात्मी हळद-आल्याचा काढा घेऊन सकाळी दारात उभी राहू लागली. मग ठरवलं की तिला लग्न करायचं आहे. कोणाशी, हे ठरवायला वेळ लागला नाही, कारण गल्लीत विधुर एकच होते.

एका संध्याकाळी पाक मुर्सिद इस्त्रीचा बाटिक सदरा घालून आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"बू गुरू, तुमच्या मनात काय आहे ते मला कळलंय."

कोणीतरी ओळखलं! आता सांगावंही लागणार नाही.

"पण मी साधा माणूस. गुडघे दुखतात. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभणार नाही."

"काय शोभणार नाही?"

"तेच," पाक मुर्सिद म्हणाले, लाल झाले आणि चहा न पिता उठले.

तिला समजायला त्यांचं फाटक बंद होईपर्यंत वेळ लागला. न मागितलेल्या गोष्टीला तिला नकार मिळाला होता. त्याहून लागलं ते हे, की तो नकार खरा नव्हता. क्लातेनच्या रीतीनं पहिला नकार म्हणजे नुसती प्रस्तावना; दोन व्हायचे बाकी होते, आणि गल्ली कौतुकानं पुढच्याची वाट बघत होती. त्या रात्री वुर्यानीनं बॅग भरली आणि तिच्यावर बसून राहिली.

शेवटच्या तालमीला बू रात्मीनं नवाच मुद्दा काढला. "बू गुरू, हे मीठ मला पटत नाही. एकानं द्यायचं, एकानं घेऊन बसायचं. ह्यात एकोपा कुठाय? वाटून घेणारे कोणी अणू नसतात का?"

असतात, असं वुर्यानीला कबूल करावं लागलं. पाण्यात असतात. हायड्रोजन आपला एक इलेक्ट्रॉन मधे ठेवतो, ऑक्सिजन आपला एक मधे ठेवतो, आणि ती जोडी दोघांची मिळून असते. कोणी काही देऊन टाकत नाही.

"मग तेच करून बघू की!"

तालीम लागलीच नाही. एकानं चटई अंथरली, प्रत्येकानं आपलं पपनस मधे आणून ठेवलं, कोणी केळी ठेवली, कोणी भाताचा डबा ठेवला, आणि सगळे भोवती मांडी घालून बसले. एकही चूक नाही. विज्ञानाला जो बंध समजायला शतकं लागली तो त्या अंगणात लोक मांडी घालून करत होते. वुर्यानीला तिथेच बसून राहावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पायांत अशी चुळबुळ सुरू झाली की तिला बसवेना. त्या मधल्या जोडीबद्दल ती मुलांना काय सांगायची? की ती कोणा एकाची नसते, दोन्ही अणूंच्या मधे असते, आणि दोघांना धरून ठेवते ती तीच. कुठल्याच मुलानं कधी विचारलं नव्हतं की त्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायचं असेल तर काय करायचं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की बंध तोडायला ऊर्जा लागते. हे वाक्य परीक्षेत दोन गुणांना यायचं.

"मी उद्या..." ती म्हणाली.

"उद्या लवकर या, पपनसं बांधायचीत," पाक सुरोनो म्हणाले. "आणि मिठातच राहू या. पाण्याला कडं नाही."

सतरा ऑगस्टला ऊन कडक होतं. व्यासपीठावर तालुक्याचे साहेब, बाजूला त्यांची पत्नी, खाली ध्वनिक्षेपक घेतलेला निवेदक. मागच्या गल्लीचं ढोलपथक चाळीस पावलांवर असावं असं ठरलं होतं. ते पाठीलाच लागलं होतं.

"आणि आता येत आहेत," निवेदक गरजला, "आपल्या परिसरातले प्रगतिशील पपनस उत्पादक!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वुर्यानीच्या हातात 'सोडियम क्लोराइड' असा फलक होता. लोकांना तो पपनसाच्या जातीचं नाव वाटला असावा.

व्यासपीठासमोर बू रात्मी सोनेरी केबायाची लांब चोळी आणि खांद्यावरची ओढणी सावरत पुढे झाली आणि तिनं पपनस पुढे केलं. पाक मुर्सिदांना सकाळीच बजावलं होतं: बघायचं आणि घ्यायचं. पण समोर साहेब बसलेले! साहेबांच्या देखत हात पुढे करून पहिल्याच आग्रहाला घ्यायचं? माणसाला काही लाज असते.

"नको, नको," पाक मुर्सिद म्हणाले, "साहेबांना द्या."

बू रात्मी वळली आणि पपनस साहेबांकडे केलं. साहेबही क्लातेनचेच. "छे छे, तुम्हीच ठेवा!" ते म्हणाले.

"मग बाईसाहेबांना?"

"अहो, कशाला!"

"निदान एक फोड?"

पाक मुर्सिदांनी कड्यातलं एक सोडून पाक सुरोनोंना देऊ केलं. पाक सुरोनोंनी ते निवेदकाला देऊ केलं. निवेदकानं ध्वनिक्षेपकातून नको म्हटलं. मागे ढोलपथक जागच्या जागी पावलं आपटत होतं, त्याच्या मागच्या गल्ल्या त्याच्यावर येऊन आदळत होत्या, आणि पपनस अजून कोणी घेत नव्हतं.

"घ्या!" ती ओरडली. "घ्या ना, पाक मुर्सिद! तुम्ही क्लोरीन आहात!"

पाक मुर्सिद दचकून वळले. बांबूचं कडं कट्‌कन तुटलं. सगळी पपनसं रस्त्यावर पडली, गडगडत ढोलपथकात शिरली, आणि पथकातला मोठा ढोलवाला एकावर पाय देऊन ढोलासकट बसला. वुर्यानी फलक टाकून पळाली. तिनं एक बॅरिकेडखालून काढलं, एक पोलिसाच्या बुटाखालून. केसांतला आकडा निघाला, हनुवटीपर्यंत धूळ उडाली. शेवटचं पपनस फुटलं होतं. ते तिनं छातीशी धरलं तेव्हा रस कोपरापर्यंत ओघळला.

साहेब उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"विज्ञान मला फारसं कळत नाही," ते ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "पण हे कळलं. प्रत्येकजण दुसऱ्याला देतो, स्वतःसाठी कोणी ठेवत नाही. याहून एकोपा कुठला? पहिलं बक्षीस!"

हे मीठ नव्हे, साहेब, हे तर मीठ न होण्याचं प्रात्यक्षिक, असं वुर्यानीला म्हणायचं होतं. पण गल्लीनं तिला घेरलं होतं, बू रात्मी ओढणीनं तिची हनुवटी पुसत होती, आणि पाक सुरोनोंच्या हातात ध्वनिक्षेपक आला होता.

"हे सगळं आमच्या बू गुरूंचं!" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी साखर! साखरेत कितीतरी अणू असतात, सगळ्या वॉर्डाला काम मिळेल. आणि प्रमुख बू वुर्यानीच!"

टाळ्या.

"नको," वुर्यानी म्हणाली.

टाळ्या वाढल्या. "बघा, किती नम्र!" साहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

"मला खरंच जमणार नाही."

"दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या!" बू रात्मीनं शेजारणीला सांगितलं. तिला भरून आलं होतं. "एवढी शिकलेली बाई, पण रीत सोडली नाही."

पाक सुरोनो हसत, भुवया उंचावून थांबले. सगळा रस्ता थांबला. तिसरा नकार यायचा होता. तो झाला की तिनं मान खाली घालायची होती, आणि मान खाली घातली की पुढचं वर्ष ठरलं, आणि पुढचं ठरलं की त्याच्या पुढचंही. मकासरचे ते गृहस्थ उद्या सकाळी पुन्हा फोन करणार होते.

"धरा हे," ती शेजारी उभ्या पाक मुर्सिदांना म्हणाली, आणि त्यांनी फुटकं पपनस काही न बोलता घेतलं.

तिनं पाक सुरोनोंच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. हात रसानं चिकट झाले होते. आवाज मात्र वर्गातला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"मी कुपांगला चालले आहे. पुढच्या महिन्यात. तिथल्या शाळेत शिकवायला. हा तिसरा नकार नव्हे, पाक सुरोनो. मी ठरवलंय."